देवकाबाईच्या दारचा संदल

मुक्काम खैरगाव, समुद्रपूरजवळ
ता. ९ नोव्हेंबर १९८१

हुसेना,

तुझ्या पीराला आणि माझ्या देवाला एकदाच हात जोडून सुरुवात करते, दोनदा जोडायला वेळ नाही.

मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही. म्हणून आपल्या मधे दोन शहाणी माणसं बसवावी लागली. माझ्या बाजूला कमला आहे, जिजाबाईची पोरगी, आता आपल्या शाळेत मास्तरीण. तुझ्या बाजूला तुझा गफूर. गफूर, बाबू, मोठ्यानं वाचजो आणि मधलं काही गाळजो नको. मी अक्षर ओळखत नाही, पण माणूस कुठे गाळतो ते ओळखते.

कमला माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहिते. मी म्हटलं, "काऊन वो, हुसेनाले वाटन म्हातारी पुण्याची झाली." तर म्हणते, "आजी, पत्र हिंगणघाटले चाललं, नीट कपडे घालून जाऊ द्या." तेव्हा जिथे भाषा फार स्वच्छ वाटेल तिथे ती माझी नाही असं समज.

वैशाखात तुझे करामतशहा गेले आणि जेठात तू गाठोडं उचलून पोराकडे गेलीस. माझ्या दारावरून गेलीस. मी ओसरीत बसले होते. तू रस्त्याच्या त्या अंगानं गेलीस, जिथे चिखल होता. कोरडी वाट सोडून माणूस चिखलातून जातो ते उगीच नाही, एवढं मला कळतं.

तुझी खोली, विहीर, ओसरी, पीराच्या कबरीभोवतीचा सगळा तकिया ओस पडला आहे. कबरीपाशी जिजाबाई दर गुरुवारी दिवा लावते. झाडते कमी, कबुतरांना शिव्या जास्त देते.

आता कामाचं. माघ पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी उरूस. माझ्या सासूच्या सासूपासून पीराच्या संदलाचं चंदन आमच्या घरी उगाळलं जातं, आमच्या सहाणेवर, घरच्या बाईच्या हातानं. मुजावर रिकामा वाडगा घेऊन दारात येतो, मागतो, भरून नेतो आणि कबरीला लावतो. उगाळायचं आमच्या घरानं, लावायचं तुमच्या घरानं. एकानं दुसऱ्याचं काम करायचं नाही. करामतशहा नसले तरी तुमचं घर म्हणजे आता तू. गेल्या माघात माझा उजवा हात मुरगळला होता, तुला ठाऊकच आहे. आता बरा आहे. तर तू ये आणि वाडगा घेऊन माझ्या दारात उभी राहा.

देवका

ता. १३ डिसेंबर १९८१

हुसेना,

उत्तर आलं नाही. पोस्टमन म्हणतो हिंगणघाटचं पत्र दोन दिवसांत येतं. महिना झाला. म्हणजे तू पायी निघालीस आणि पत्र सोबत आणते आहेस, असं मी धरून चालते.

गफूरचंही कानावर आलं. त्याच्या वस्तीत नवे आलेले कोणी मौलवी सांगतात म्हणे, की कबरीला संदल लावणं धर्मात बसत नाही, आणि हिंदूच्या घरचा तर मुळीच नाही. इकडे माझा वासुदेव सांगतो, दर्ग्याला संदल देणं आपल्या धर्मात बसत नाही. दोघांचं इतकं जुळतं तर त्यांना एका सतरंजीवर बसवून पान द्यावं. तुझं-माझं चाळीस वर्षांत इतकं कधी जुळलं नाही.

वासुदेवला धर्म कोणत्या दिवशी आठवला ते मी सांगू शकते. लहानपणी ह्याला खोकला झाला की मी करामतशहांच्या पुढ्यात नेऊन बसवायची. ते फुंकर घालायचे, हा हसायचा. तेव्हा धर्म नव्हता. धर्म आला गेल्या सालच्या दिवाळीत. जिजाबाईनं कापूस वेचणाऱ्या बाया जमवल्या, जुन्या मजुरीवर वेचायचं नाही असं ठरवायला. पण बसायचं कुठे? देवळाच्या ओट्यावर आमच्या बाया बसल्या की जिजाबाईच्या लोकांना खाली बसावं लागतं. त्यांच्या विहारात आमच्या बायांचे पाय वळत नाहीत. शाळेला कुलूप. राहिला तुमचा तकिया. तिथे सगळ्या एका चटईवर बसल्या, कारण तिथे पहिल्यापासून दुसरी चटईच नाही.

वासुदेव चार शेतकरी घेऊन गेला. म्हणाला, "शहाजी, ह्या बायाइले उठवा."

करामतशहा म्हणाले, "माह्या पीराच्या ओसरीतून कोणाले उठवायची रीत नाई, वासुदेवराव. आमच्या वडिलानं हेच शिकवलं, त्याइच्या वडिलानं त्याइले. तुम्ही बी बसा. चहा मांडला आहे."

हा बसला नाही. दहा दिवस कापूस झाडावर लोंबला आणि मग मजुरी वाढवावी लागली. पोराला राग मजुरीचा होता. पण मजुरीचा राग चारचौघांत सांगता येत नाही, लाज वाटते. धर्माचा राग सांगितला की लोक माना डोलवतात.

आता तो सरपंच आहे. म्हणतो, मुजावर नाही, उरूस नाही, तर जागा रिकामीच. कापसाच्या गाड्या उभ्या करायला तकिया पाडून मैदान करू. म्हणून म्हणते, ये. डावा हात पुन्हा मुरगळला तरी मी उजव्यानं उगाळीन.

कमला लिहायची थांबली आहे. विचारते, मागच्या पत्रात उजवा होता ना? मी म्हटलं, लिही वो, दोन्ही होते.

देवका

ता. १० जानेवारी १९८२

हुसेना,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, एक ओळ. "अम्मी विचारते, हात बरा आहे का, आणि कोणता होता ते नक्की कळवा." गफूरनं लिहिलं, पण बोलणारी तूच. आवाज ओळखला. कमलाला एवढं हसू आलं की तिनं तोंडाला पदर लावला. मास्तरणीला शोभत नाही.

हाताचं सांगते. पण आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण कमलानं ती अर्धीच ऐकली आहे.

ह्या जिजाबाईच्या लोकांनी धर्म बदलला त्याच्या पुढच्या सालची. गावानं त्यांचं काम बंद केलं, विहीर बंद केली. बंद करणाऱ्यांत माझ्या घरचे होते, ते लपवत नाही. करामतशहांनी तकियाच्या विहिरीवर जिजाबाईला दोर आणि बादली दिली आणि म्हणाले, "भर." बस, एवढंच. सभा नाही, भाषण नाही. माघात उरूस आला तर ते त्याच विहिरीचं पाणी लोट्यात घेऊन आमच्या दारात. जिजाबाईनं ओढलेलं. म्हणाले, "ह्या सालपासून संदल ह्या पाण्यात उगाळा. पीराले हेच पाणी पाह्यजे."

माझ्या सासूनं लोटा अंगणात ओतला. ते गेले आणि दुसरा घेऊन आले. तोही ओतला. तिसऱ्या वेळी ते लोटा ओट्यावर ठेवून कडेला बसून राहिले, जसं काही गाडीची वाट बघतात. मग मी उठले, लोटा उचलला आणि सहाणेपाशी बसले.

गावात पुढे बोललं गेलं की देवकानं मोठं धाडस केलं. हुसेना, खरं तुला सांगते. त्याच महिन्यात सासूनं मला भावाच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं. मला तिच्याशी भांडायला निमित्त पाहिजे होतं आणि पीरानं ते दारात आणून ठेवलं. पण उगाळता उगाळता पाण्याकडे बघितलं. पाणी होतं. दुसरं काही नव्हतं. तो संदल ज्यांनी कपाळाला लावला त्यांना पुढे त्या विहिरीला नावं ठेवायला तोंड उरलं नाही. साल संपायच्या आत गावची विहीरही उघडली.

कमला सांगते, पानं संपली. हाताचं मग पुढच्या वेळी.

देवका

ता. २८ जानेवारी १९८२

हुसेना,

परवा ग्रामसभा झाली. ठराव झाला. फेब्रुवारी संपेपर्यंत तकिया रिकामा दिसला तर पंचायत ताब्यात घेणार. नुसता उरूस करून भागायचं नाही, तिथे तुमच्या घरचं माणूस राहायला पाहिजे. म्हणजे तू.

आता हाताचं. गफूर, आईच्या जवळ सरकून वाच.

माझ्या हाताला काही झालं नव्हतं. ना उजव्या, ना डाव्या.

गेल्या उरुसाच्या दिवशी सकाळीच मी संदल उगाळला होता. वाटीभर, मऊ. मग वासुदेव आला. म्हणाला, "माय, हा वाडगा आपल्या दारातून गेला तं मी पोराइले घेऊन हिंगणघाटले राह्यले जातो. तू एकटी राहा आपल्या पीरासंगं." पोरं अंगणात खेळत होती. मी वाटीवर पाट झाकला. फडक्याला हळद लावली आणि मनगटाला बांधली. हळद हाताशीच होती, म्हणून हातच मुरगळला. पायाशी असती तर पाय मुरगळला असता.

करामतशहा आले. मागे वाजवणारे, पोरंसोरं, जिजाबाई. मी आतल्या खोलीत. सुलोचनाला, माझ्या सुनेला, दारात पाठवलं. ती म्हणाली, "आत्याबाईचा हात मुरगळला, संदल नाई झाला." बाहेर सगळं थांबलं. आणि घरात चंदनाचा वास असा भरला होता, की आंधळ्यालाही कळावं. पाट झाकला म्हणून वास झाकतो का?

ते थोडा वेळ उभे राहिले. मग आत ऐकू येईल असं म्हणाले, "हाताले आराम दे, देवकामाय. वास तं चांगला येऊन राह्यला."

आणि रिकामा वाडगा घेऊन गेले. दुसऱ्या कोणाकडून घेतला नाही. गावात सगळ्यांना सांगितलं, देवकामायचा हात दुखतो. तुलाही तेच सांगितलं असेल. माझं खोटं त्यांनी तीन महिने आपल्या तोंडानं सांभाळलं आणि तसेच गेले. मयत दारावरून गेली तेव्हा मी दाराआड होते. बाहेर कोणत्या तोंडानं यायचं होतं?

तो संदल मी आमच्या देवघरातल्या देवांना लावला. दुसऱ्या दिवशी पोपडे निघाले. देवांना दुसऱ्याचं लावून घ्यायची सवय नसावी.

कमला मान खाली घालून लिहिते आहे. तिच्या आईनं मजुरी मागितली त्याची भरपाई मी पीराकडून करून घेतली, हे तिला आत्ता कळलं. मला वाटलं उठून जाईल. तिनं एवढंच विचारलं, "आजी, हे ठेवू का खोडू?" मी म्हटलं, ठेव.

तू ये म्हणायचा मला हक्क राहिला नाही. तरी म्हणते.

देवका

ता. ८ फेब्रुवारी १९८२, पौर्णिमा

हुसेना,

थोडक्यात सांगते, बस निघायच्या आत कमलाला हे टपालाच्या डब्यात टाकायचं आहे.

गुरुवारी मी उगाळणार. रीत अशी, की तुमच्या घरानं माझ्या दारात यावं, मागावं. ह्या वेळी मागायला कोणी नाही असं दिसतं. मग मीच वाडगा घेऊन बाहेर पडणार आणि दर्ग्यापर्यंत येणार. आमच्या घरची बाई असं कधी गेली नाही. एकदा जाईल.

वासुदेवला मी आधीच सांगितलं, लपवालपवी गेल्या साली खूप झाली. तो म्हणाला, "वाडगा घेऊन उंबरठ्याच्या बाहेर गेली, तं मंग परत अंदर येजो नको." मी म्हटलं, "बरं." तो अजून तिथेच उभा होता. मी भांडेन असं त्याला वाटलं असावं.

कबरीला हात मी लावणार नाही. ते तुमच्या घरचं काम. मी पायरीवर बसेन. संदल किती वेळ ओला राहतो ते तुला माहीत आहे.

देवका

मुक्काम तकिया, खैरगाव
ता. ४ मार्च १९८२

गफूर, बाबू,

ह्या वेळी पत्र तुझ्या नावानं, कारण तुझी आई इथे माझ्या शेजारी बसली आहे आणि मला नीट सांगू देत नाही. तू तिला येऊ नको म्हणाला होतास हे तिनं सांगितलं. तू बसचं तिकीटही काढून दिलंस, हेही सांगितलं. दोन्ही ऐकलं.

उरुसाच्या गुरुवारी मी सकाळी निघाले. वासुदेव ओसरीत होता, वर्तमानपत्र तोंडापुढे. मी उंबरठ्याच्या बाहेर पाय टाकला तेव्हा पेपर हलला नाही. पण पान उलटं धरलं होतं असं सुलोचना म्हणते. तिला वाचता येतं, तेव्हा खरं असेल. रस्त्यात काही दारं लागली. काही उघडी राहिली. जिजाबाई आणि वेचणीच्या बाया मागे आल्या, कापूस शेतात सोडून.

पायरीवर बसले. दुपारची बस आली, गेली. तुझी आई नव्हती. संदलाला कडेनं भेगा पडू लागल्या. जिजाबाई विहिरीवरून ओंजळीत पाणी आणायची, मी थेंब थेंब टाकून कालवायची. ऊन उतरलं तरी आम्ही तेच करत होतो. मी मनात म्हटलं, गेल्या माघात करामतशहा माझ्या दारात उभे राहिले होते, त्याच्यापेक्षा हे काही फार नाही.

मग सडकेकडून एक बाई आली, चपला हातात घेऊन. मोठ्या सडकेवर उतरून तीन मैल चालत. माझ्याकडे बघितलं नाही. वाडग्यात बोट घातलं, चोळलं आणि पहिला शब्द बोलली, "इतना जाडा? ये लगाने का है के रोटी पे चुपडने का?"

मी म्हटलं, "हाथ मुरगळा था."

ती हसली नाही. पण बसली. माझ्या हातातला वाडगा घेतला आणि किती तरी वेळ मांडीवर धरून बसली. काय बोललो ते तुला सांगायचं कारण नाही. फार काही बोललो नाही.

बाहेरगावचा एक म्हातारा आडवा आला, बाई आत कशी जाईल म्हणून. तुझी आई त्याला म्हणाली, "जिसका हाथ था वो अंदर सोया है. तुम पूछ के आओ." करामतशहांना विचारायला तो गेला नाही. तिनं संदल लावला. मग बाहेर येऊन सगळ्या बायांच्या कपाळाला लावला, जिजाबाईला आधी. मला शेवटी. रांगेत मी शेवटी होते म्हणून, असं ती म्हणते.

घरी मी परत गेले नाही. पोरानं शब्द दिला आहे तर पाळायची त्याला संधी द्यावी. तुझ्या आईच्या खोलीत राहते. ती पहाटे उठून खोकते, मी त्याआधी उठून खोकते. दुपारी सुलोचना डबा आणून ठेवते. वासुदेवनं पाठवला का तिनंच आणला, मी विचारत नाही. काल त्यात तिळाची चटणी होती. ती वासुदेवला आवडते, मला नाही. तेव्हा बहुतेक त्यालाच वाढलेलं काढून पाठवलं असावं.

परवा पंचायतीचा शिपाई श्रावण आला. हातात कागद, डिंकाची बाटली. भिंतीला चिकटवायचं म्हणाला. कमला इथेच होती, तिनं वाचून दाखवलं: सदर जागा निर्मनुष्य असल्याचे आढळून आले आहे.

तुझी आई म्हणाली, "निर्मनुष्य म्हंजे?"

कमला म्हणाली, "जिथे माणूस राहत नाई."

"मंग हम कौन है रे, श्रावण? भैंस?"

श्रावण बिचारा पाय बदलून उभा. म्हणाला, "माय, मले चिकटवायचा हुकूम आहे."

मी म्हटलं, "चिकटव ना बापू. पण खाली आमचा दोघींचा अंगठा घेऊन जा, की आम्ही दोघी इथं नाई."

मग तुझ्या आईनं चहा दिला. पिऊन झाल्यावर त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, सरपंचांना विचारून येतो. अजून आला नाही.

तुझ्या आईचे राहिलेले कपडे, गरम शाल आणि दम्याची औषधं पाठव. स्वतः घेऊन आलास तर पीराला भेटायची जबरदस्ती नाही, आम्हाला भेट. तुझ्या मौलवींनी काय सांगितलं तेही सांग. इथे चटई एकच आहे, त्यावर बसून बोलू.

श्रावण डिंकाची बाटली विसरून गेला आहे. हे पाकीट त्याच डिंकानं चिकटवलं.

सांगणारी देवका, मधे मधे बोलणारी तुझी आई